चांगदेवाची चौदा शतके आणि गोरोबांची मडकी

पूर्वी सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका घरी आली की ती देवघराच्या कोनाड्यात जपून ठेवीत. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस म्हणजे हिशेबाने ऐंशी वर्षे आणि दहा महिने पुरे केलेला माणूस. असा पंचक्रोशीत एखादाच असावयाचा. त्याच्या पाया पडावयास लोक गाडी जुंपून येत. साठाव्या वर्षी जो विधी करीत त्यालासुद्धा आपण समारंभ म्हणत नाही, ‘शांत’ म्हणतो. आणि शांत करावयाची असते ती अरिष्टाची. साठीत शिरणे म्हणजे अरिष्टाच्या छायेत शिरणे, असे आपल्या पूर्वजांना वाटत होते हे त्या एका शब्दावरून कळून येते. आज धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गावी एका उन्हाळ्यात सहस्रचंद्रदर्शनाची तीनचार आमंत्रणे येतात, आणि त्याच दिवशी कोणाचे लग्न आहे की काय, हे पाहून आपण पत्रिका बाजूस ठेवतो.

तेव्हा प्रश्न असा की, मनुष्याचे आयुष्य खरोखरच वाढले आहे काय? आणि वाढले असेल तर ते कोणी वाढविले? ज्यांनी वाढविण्याचा ध्यास घेतला त्यांनी, की ज्यांच्या मनात तो हेतूच नव्हता त्यांनी?

आयुष्य लांबविण्याचा विषय निघाला की मराठी माणसाला पहिल्याने आठवतो तो चांगदेव. तापीकाठचा हा योगी चौदाशे वर्षे जगला अशी आख्यायिका आहे. मरणाची वेळ आली की तो प्राण ब्रह्मांडी चढवून बसे. काळ दाराशी येऊन रिकाम्या हाती परत जाई आणि चांगदेव पुढच्या शतकास मोकळा होई. पुढे ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून तो पत्र लिहावयास बसला, पण मायना काय लिहावा हेच ठरेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावेत, तर ज्ञानाने ते थोर! अखेर त्याने कोरा कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाईंनी, चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे म्हटल्याचे सांगतात. आयुर्वर्धनाच्या खटाटोपावरील मराठीतील ही पहिली टीका मानावयास हरकत नाही. ‘चांगदेव पासष्टी’ हे त्या कोऱ्या पत्राचे उत्तर.

इतिहास म्हणून या कथेवर भार टाकता येणार नाही. पण तिच्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चांगदेवाने जे आयुष्य मिळविले ते एकट्यापुरते. तापीकाठच्या बाकीच्या लोकांना त्याच्या योगबळाने एक दिवसही अधिक मिळाला, असे कोणतीही आख्यायिका सांगत नाही.

त्याच संतमेळाव्यातील एक थोर पुरुष आपल्या जिल्ह्याचा. तेरचे गोरोबा कुंभार सर्व संतांत वडील, म्हणून ‘काका’. थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कोणते मडके भाजले आहे आणि कोणते कच्चे आहे हे त्यांनी सांगितले, आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. आता परंपरेने धरलेले सन जरा शेजारी मांडून पाहा. गोरोबांचा जन्म १२६७ आणि समाधी १३१७. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ आणि समाधी १२९६. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या हयातीत हा मेळावा झाला असेल तर त्या दिवशी आपल्या ‘काकां’चे वय तिशीच्या आतलेच! परंपरेच्या सनांची फार ओढाताण करू नये हे मला मान्य आहे. तरी ते सन शतकानुशतके सांगितले गेले आणि तिशीच्या माणसाला काका म्हणणे कोणालाही खटकले नाही, एवढे तरी त्यातून निघतेच. गोरोबांच्या मडक्यांकडे मला पुढे परत यावयाचे आहे.

योगाची वाट सोडून वैद्यकाची वाट धरली तरी चित्र फारसे पालटत नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी रसायन हे एक अंग जरा आणि व्याधी दूर ठेवण्यासाठीच आहे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच त्याने होतो. तेथे एका कुटीचे वर्णन आहे. एकात एक अशा तीन दालनांची ही कुटी; ऊन, वारा आणि कोलाहल यांपासून दूर. तीत शिरून, शरीर शुद्ध करून, ठरलेले औषध आणि पथ्य घेत राहावयाचे. मात्र हे सर्वांसाठी नाही. ज्याच्याजवळ द्रव्य आहे, परिचारक आहेत, सवड आहे आणि मनाचा निग्रहही आहे, त्यानेच कुटीत जावे. इतरांनी वाऱ्याउन्हात वावरतच रसायन घ्यावे, असा त्या शास्त्राचा स्वच्छ निर्वाळा आहे. सत्य बोलणे, क्रोध न करणे अशा आचरणालाही चरक रसायनच म्हणतो. बिनखर्चाचे रसायन असल्यामुळे त्याच्या जाहिराती आपल्या पाहण्यात येत नाहीत, एवढेच.

ही कुटी केवळ ग्रंथात राहिली नाही. १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, अलाहाबादेकडे तपसी बाबांच्या देखरेखीखाली असा कायाकल्प करून घेतला. वृत्तपत्रांतून त्याची केवढी चर्चा झाली! पंडितजींच्या मुद्रेवर काही काळ तजेला दिसला असे सांगत. परंतु वार्धक्य काही परतून गेले नाही, आणि १९४६ च्या नोव्हेंबरात ते निवर्तले. पंच्याऐंशी वर्षांच्या उंबरठ्यावरचे आयुष्य हे उत्तमच आयुष्य होय. पण त्यातील किती दिवस कुटीचे आणि किती त्यांच्या मूळ प्रकृतीचे, हे एका माणसावरून कोण ठरविणार?

यावरून युरोपीय पंडितांचे शहाणपण निराळे होते असे मात्र समजू नये. पॅरिसमध्ये १८८९ साली ब्राउन-सेकार नावाच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने बहात्तराव्या वर्षी कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झाल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. पाच वर्षांनी तो वारला. पुढे १९२० पासून व्होरोनॉफ या शस्त्रवैद्याने श्रीमंत वृद्धांच्या शरीरात माकडांच्या ग्रंथींचे तुकडे बसविण्याचा उद्योग काही वर्षे जोरात चालविला. त्याविषयी अधिक न बोललेले बरे.

या सर्वांत मला जिव्हाळा वाटतो तो एल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाविषयी. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हा शोध त्याचा, आणि त्यासाठी १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. वार्धक्याच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे नाव दिले तेही १९०३ साली त्यानेच. त्याचे म्हणणे असे की, मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्याचे विष अंगात भिनते आणि माणूस म्हातारा होतो. तेव्हा आंबट दुधाचे जंतू पोटात घालून ही कुजण्याची क्रिया थांबवावी. बल्गेरियातील शेतकरी दही पुष्कळ खातात आणि पुष्कळ जगतात, हा त्याचा पुरावा. आपल्याकडे ताकावाचून ज्याचे जेवण आटोपते असा माणूस शोधावा लागेल. त्या हिशेबाने सारा मराठवाडा शतायुषींनी भरून जावयास हवा होता! मेचनिकॉफ स्वतः वर्षानुवर्षे आंबट दूध घेत राहिला आणि १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी वारला. आतड्यातील जंतूंचा प्रकृतीशी संबंध असतो, हे त्याच्या विचारातील बीज आज खरे ठरत आहे; विषाची उपपत्ती मात्र टिकली नाही.

ओडेसा येथे या मेचनिकॉफच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन नावाचा एक विद्यार्थी होता. गुरूच्या पाठोपाठ तोही पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत गेला. तेथे त्याने पटकीवर लस तयार केली, आणि १८९३ साली ती घेऊन तो हिंदुस्थानात आला. १८९६ साली मुंबईत प्लेग फुटला तेव्हा त्याला तेथे बोलाविण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे ती लक्षावधींना टोचली गेली. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल येथे एका दूषित बाटलीमुळे एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनच्या माथी आला, त्याला दूर करण्यात आले आणि निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. परळच्या संस्थेला १९२५ साली त्याचे नाव मिळाले. गुरू आयुष्य वाढविण्याचे शास्त्र शोधीत पॅरिसला बसला. शिष्य आयुष्याविषयी चकार शब्द न काढता मुंबईच्या चाळींतून सुया टोचीत हिंडला. आयुष्य कोणी वाढविले?

याचे उत्तर द्यावयाचे तर त्या वेळी आयुष्य होते तरी किती, हे पाहिले पाहिजे. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि जिल्हा नळदुर्गच्या नावाने ओळखला जाई. १८९१ साली हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाख होती. १९०१ साली ती १ कोटी ११ लाख भरली. दहा वर्षांत माणसे वाढावयाची ती घटली. मध्यंतरी १८९९-१९०० चा दुष्काळ होऊन गेला होता आणि शेजारच्या सोलापुरात प्लेग येऊन बसला होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने तर देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते, असा जनगणनेच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे.

वीस वर्षे! हा आकडा ऐकून कोणी म्हणतो, मग आमचे पणजोबा ऐंशी वर्षे कसे जगले? येथे सरासरी या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. एका घरात चार भावंडे झाली. एक वर्षाचे होऊन गेले, दुसरे तिसऱ्या वर्षी गेले, तिसरा छप्पन्न वर्षे जगला आणि चौथा साठ. बेरीज एकशेवीस, आणि सरासरी तीस. पण तिशीत तर कोणीच मेले नाही! लांब जगणारी माणसे तेव्हाही होतीच. महर्षी कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली एकशेचार वर्षांचे होऊन गेले. पंडित सातवळेकर १८६७ साली जन्मले आणि शंभरी ओलांडून १९६८ साली गेले. दोघांच्याही जन्माच्या वेळी दवाखाना ही अपूर्वाईची वस्तू होती.

ज्यांनी आपल्या आज्यांना बोलते केले आहे त्यांना हा हिशेब पुस्तकावाचून ठाऊक असतो. मुले किती, असे विचारले की त्या पिढीची बाई एक आकडा सांगत नसे, दोन सांगत असे: झाली नऊ, राहिली चार. आवाजात चढउतार नसे. ज्वारीची पोती सांगावीत तसे सांगे. मोठ्यांच्या पाया पडणाऱ्या प्रत्येक पोराला ‘औक्षवंत हो’ हाच आशीर्वाद का मिळे, विद्येचा आणि धनाचा त्यानंतर का, हे त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत आहे. गावोगावी शिवेवर मरीआईचे ठाणे होते तेही त्याच वजाबाकीसाठी.

ही वजाबाकी कमी केली ती कोणा योग्याने नव्हे. ती कमी केली दंडावर व्रण उठविणाऱ्या देवी डॉक्टरने, ज्याला पाहून पोरे कणगीमागे लपत. देशातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली नोंदला गेला. ती कमी केली विहिरीत जांभळे औषध टाकणाऱ्याने, १९५३ नंतर भिंतींवर डीडीटी फवारणाऱ्यांनी, आणि हगवणीच्या पोराला मीठसाखरेचे पाणी पाजावयास शिकविणाऱ्या परिचारिकांनी. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. पाऊस १८९९ सारखाच रुसला होता. पण या वेळी सरकारी कामे निघाली, खडी फोडून मजुरी मिळाली, तांबडी मिलो ज्वारी आली, पोरांना सुकडी मिळाली. हाल कमी झाले नाहीत. माणसे मात्र त्या पूर्वीच्या दुष्काळासारखी मेली नाहीत. मिलोची भाकरी कोणालाही आवडली नव्हती. तरी आयुर्वर्धनाच्या इतिहासात तिची नोंद च्यवनप्राशाच्या आधी व्हावी असे माझे मत आहे. आज देशाचे सरासरी आयुर्मान सत्तर वर्षांच्या आसपास आहे.

आता दुसरा प्रश्न. रोग टळले, दुष्काळ टळले, तरी माणूस म्हातारा होतोच. तो का व्हावा? झिजतो म्हणून, हे उत्तर पुरे नाही. कारण शरीर हे जात्याच्या पाळीसारखे निर्जीव नसून स्वतःची डागडुजी करणारे आहे. याचे पटण्यासारखे उत्तर लंडनच्या पीटर मेडावार यांनी १९५१ साली एका व्याख्यानातच दिले. वार्धक्यात प्रकट होणारे दोष निसर्ग का वगळीत नाही, याविषयी त्यांच्याआधी जे. बी. एस. हाल्डेन यांनी विचार मांडला होता. हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन येथलेच झाले. मेडावारांनी प्रयोगशाळेतील काचनळ्यांचा दृष्टांत घेतला. मी तेरच्या कुंभारवाड्यातील मडकी घेतो.

समजा, एका धर्मशाळेत शंभर नवी मडकी आणली. मडके काही म्हातारे होत नाही. पण हातातून निसटते, बैल पाय देतो, पोर दगड मारते. दर महिन्याला शंभरात दहा फुटतात असे धरू. वर्षाअखेर त्यांतील अठ्ठावीस उरतील, दोन वर्षांनी आठ, तीन वर्षांनी जेमतेम दोन. आता अशी कल्पना करा की ही मडकी मडक्यांना जन्म देतात आणि आईबापांचा गुणदोष पिल्लांत उतरतो. एखाद्या मडक्यात पहिल्याच महिन्यात तडकण्याचा दोष असेल तर त्याचा वंश तेथेच खुंटेल. निसर्ग त्याला वगळील. पण चौथ्या वर्षी तडकण्याचा दोष असेल तर? चौथ्या वर्षापर्यंत मडके उरतेच कोठे! उरलेल्या एकदोहोंची पिल्लेही केव्हाच होऊन गेलेली. असा दोष पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट साचत जातो. निसर्गाचे थापटणे तरुण मडक्यांवर पडते. जुन्या मडक्यांपर्यंत ते पोहोचतच नाही. मग एके दिवशी कोणी मडक्यांना कापडात गुंडाळून जपू लागले की ती चौथे वर्ष पाहतात आणि साचलेले सगळे दोष एकदम दिसू लागतात. लस, स्वच्छ पाणी आणि मिलोची भाकरी हे आपले कापड. म्हातारपण हे पूर्वी नव्हते असे नाही. तेथवर पोहोचणारी माणसे थोडी होती.

हे एकदा ध्यानी आले की पुढील शोधांचा अर्थ लागतो. १९१२ साली अलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा काचेत वाढीस लावला, आणि तो १९४६ पर्यंत जिवंत ठेवण्यात आला. पेशी अमर आहेत असा बोभाटा झाला. प्रयोगशाळेतील चांगदेवच तो! १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की माणसाची साधी पेशी पन्नासेक वेळा दुभंगते आणि मग थांबते. पुढे कळले की गुणसूत्रांच्या टोकांना, घोंगडीच्या काठाला दशा असाव्यात तशी, एक झालर असते आणि दर दुभंगण्याबरोबर ती थोडी थोडी उसवत जाते. त्या शोधास २००९ चे नोबेल मिळाले. आपल्याकडे काशी हिंदू विश्वविद्यालयात मधुसूदन कानुनगो यांनी वयाबरोबर जनुकांचे काम कसे पालटते याचा अभ्यास दीर्घकाळ केला. त्यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे.

उंदरांना खाणे कमी दिले तर ते अधिक जगतात, हे अमेरिकेत मॅके यांनी १९३५ साली दाखविले. हे ऐकून एकादशी करणाऱ्यांना आनंद होतो. परंतु त्या उंदरांना जीवनसत्त्वे आणि क्षार पुरेपूर मिळत होते, फक्त उष्मांक कमी होते. अर्धपोटी राहून आयुष्य वाढत असते तर १८९९ साली नळदुर्ग जिल्ह्यात कोणी मेलेच नसते.

१९९३ साल या जिल्ह्याला वेगळ्या कारणाने आठवते. ३० सप्टेंबरच्या पहाटे सास्तूर आणि भोवतालच्या गावांत दगडमातीच्या भिंती कोसळल्या, आणि कोसळणाऱ्या भिंतीने कोणाचे वय विचारले नाही. पाळण्यातले आणि बाजेवरचे एकदमच गेले. मेडावारांच्या दृष्टांतातील फुटणे ते हेच. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सिंथिया केनियन यांनी एक मिलिमीटर लांबीच्या जंतात एकच जनुक बदलून त्याचे आयुष्य दुप्पट झाल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे वार्धक्याचा वेग ही दगडावरची रेघ नव्हे. २००९ साली म्हाताऱ्या उंदरांना रापामायसिन हे औषध देऊन त्यांचे आयुष्य वाढविता आले. हे औषध मुळात ईस्टर बेटाच्या मातीतील जंतूपासून मिळालेले. माणसाचे म्हातारपण लांबविते असे सिद्ध झालेले औषध मात्र अजून एकही नाही. फ्रान्समधील जान काल्माँ या बाई १९९७ साली एकशेबावीस वर्षांच्या होऊन वारल्या; त्यांच्यापुढे आजवर कोणी गेलेले नाही.

तरी प्रयत्न पुष्कळ चालले आहेत. २०१३ साली गूगलने कॅलिको नावाची कंपनी याच कामासाठी काढली, आणि काही धनिक स्वतःच्या शरीरावर औषधपथ्याचे प्रयोग करून घेत आहेत. चरकाने घातलेल्या अटी पाहा: द्रव्य, परिचारक, सवड. कुटी तीच, दालने नवी. त्यात वाईट काही नाही. हाफकिनची लसही प्रयोगशाळेतूनच बाहेर आली. बाहेर आली, हे महत्त्वाचे.

इकडे आपल्या जिल्ह्यात जे घडत आहे ते त्याहून निकडीचे आहे. दिवाळीच्या सुमारास भूम-वाशीकडच्या वस्त्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घरी राहतात नातवंडे, शेळ्या आणि म्हातारी. लातूर-पुण्याकडे नोकरीस गेलेल्यांच्या घरी तर नातवंडेही नसतात. मुले किती, असे आता विचारले की म्हातारी दोन आकडे सांगत नाही. झाली तीन, राहिली तीन. म्हणून ती तीन एवढेच म्हणते, आणि पाठोपाठ गावे सांगते: एक पुण्याला, एक चाकणला, लेक सोलापुरास दिलेली. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या तिला सरकारी दवाखान्यातून मिळतात. सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती, ते शेजारच्या शाळकरी पोराकडून ती दर महिन्याला पाकिटावर खुणा करून घेते. सूर्य काढला की सकाळची, चंद्र काढला की रात्रीची.